शिखर दरवर्षी वेगळ्या महिन्यात येतं, मग प्राणिप्लवकांचा हंगाम कोणता धरायचा?

खारा_वारा:

नमस्कार. किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यातल्या प्राणिप्लवकांचे, म्हणजे पाण्याबरोबर वाहणाऱ्या बारीक प्राण्यांचे, हंगामी बदल हा माझ्या पीएच.डी.चा विषय. ठिकाण उष्ण कटिबंधातलं, पाऊस ठरावीक महिन्यांतच पडतो अशा किनाऱ्यावर, नदीमुखापासून थोडं बाहेर. महिन्यातून एकदा होडीने जाते आणि २०० मायक्रॉनची जाळी पृष्ठभागाजवळून ओढते. आत किती पाणी शिरलं ते मोजायला जाळीच्या तोंडावर फ्लोमीटर असतो. नमुना फॉर्मॅलिनमध्ये ठेवते, मग प्रयोगशाळेत विस्थापन-घनफळ (प्राण्यांनी बाजूला सारलेल्या पाण्यावरून त्यांचं घनफळ) घेते आणि गट पाडून मोजणी करते.

दोन वर्षांचे आकडे हातात आले आणि मी अडकले. पहिल्या वर्षी एकूण संख्येचं शिखर पावसाळा संपल्या संपल्या, ऑक्टोबरात. दुसऱ्या वर्षी ऑक्टोबर अगदी सामान्य, शिखर मार्चमध्ये. घनफळाचा आलेख तर तिसरंच सांगतो. ज्या महिन्यात घनफळ सगळ्यात जास्त, त्याच महिन्यात कोपेपोड (प्लवकांतले बारीक कवचधारी प्राणी) जेमतेम. आणि क्लॅडोसेरा, म्हणजे पाणपिसवा! उन्हाळाभर एकही दिसत नाही, मग एखाद्या महिन्यात निम्मा नमुना त्यांच्यातल्याच पेनिलियाने भरलेला, आणि पुढच्या खेपेला पुन्हा शून्य. हे येतात कुठून आणि जातात कुठे?

पाठ्यपुस्तकात वसंतात एक मोठा उंचवटा आणि शरदात एक लहान, असा सुबक आलेख असतो. गाईडना माझ्या आकड्यांतून तसंच वार्षिक चक्र हवं आहे. दोन वर्षांची सरासरी काढली तर दोन्ही शिखरं बुटकी होतात आणि दाखवण्यासारखं काही उरत नाही. कोणतं वर्ष खरं मानू?

उधाण_भांग:

मी मुख्यतः होडीवरचा माणूस, तेव्हा तिथूनच सुरुवात करतो. नमुना घेताना भरती होती की ओहोटी, हे वहीत लिहिलेलं आहे का? नदीमुखाबाहेर ओहोटीच्या शेवटी तुमच्या जाळीत येतं ते खाडीतलं पाणी, भरतीच्या शेवटी येतं ते बाहेरच्या समुद्राचं. जागा तीच, दिवस तोच, पण सहा तासांत वेगळाच समाज जाळीत येऊ शकतो. उधाणाला (मोठ्या भरती-ओहोटीला) हा फरक मोठा, भांगाला (लहान भरती-ओहोटीला) कमी. ऑक्टोबरचा एक नमुना उधाणाच्या ओहोटीचा आणि दुसरा भांगाच्या भरतीचा असेल तर ते दोन ऑक्टोबर एकमेकांशेजारी ठेवताना हात आखडता घ्या.

दुसरं, पावसाळ्यात वरून गोड्या पाण्याचा थर पसरलेला असतो आणि त्याच्याखाली खारं पाणी तसंच असतं. समुद्रातले कोपेपोड त्या खालच्या थरात जातात. जाळी पृष्ठभागाजवळून ओढली की वाटतं पावसाने सगळं धुऊन नेलं. खरं तर दोन-तीन मीटर खाली बरंच काही असतं. तळापासून वर तिरकी ओढ घेता आली तर घ्या. ती शक्य नसेल तर निदान पृष्ठभागाची आणि तळाजवळची क्षारता प्रत्येक वेळी नोंदवा, म्हणजे त्या दिवशी जाळी कुठल्या पाण्यातून फिरली ते कळेल.

वेळही तपासा. बरेच प्राणी दिवसा खाली आणि रात्री वर असतात. सगळे नमुने सकाळचेच असतील तर चालेल, त्यांची आपापसांत तुलना होऊ शकते. पण एखादा संध्याकाळी उशिरा घेतलेला मध्ये शिरला असेल तर त्याचं शिखर हे हंगामाचं नसून अंधाराचं असू शकतं.

फ्लोमीटर आहे हे फार चांगलं. वनस्पतिप्लवक फुललेले असताना जाळीची भोकं बुजतात आणि तोंडापुढचं पाणी आत न शिरता बाजूने निघून जातं. होडीचा वेग आणि वेळ गुणून घनमीटर काढणाऱ्यांची नेमकी याच दिवसांत फसगत होते. तुमच्या मीटरचा आकडा एखाद्या महिन्यात नेहमीपेक्षा फारच कमी असेल तर त्या नमुन्यावर खूण करून ठेवा.

जुनं_भिंग:

उधाण_भांग यांनी पाण्याचं सांगितलं, मी बाटलीतल्याचं सांगते. माझी सगळी नोकरी मोजणीच्या ट्रेसमोर गेली आणि या विषयावर कोणी मनापासून विचारलं की मला राहवत नाही, तेव्हा उत्तर लांब होईल.

खारा_वारा, तुमची दोन्ही वर्षं खरी असू शकतात. अडचण ‘एकूण संख्या’ या रकान्यात आहे. कोपेपोड, खेकड्याची झोइया आणि बार्नॅकलचा नॉप्लियस या अळ्या, शिंपल्याची अळी, सॅजिटा (बाणकृमी), पेनिलिया, माशाचं अंडं, हे सगळे एकाच जाळीत सापडतात एवढंच त्यांचं नातं. प्रत्येकाचं पंचांग वेगळं. त्यांची बेरीज केली की त्या दिवशी ज्याची चलती होती त्याचाच आलेख निघतो. त्यामुळे शिखर कोणत्या महिन्यात, हे विचारण्याआधी शिखरावर कोण उभं होतं ते विचारा. तुमचा ऑक्टोबर आणि तुमचा मार्च दोन वेगळ्या प्राण्यांचे असतील, असा माझा अंदाज आहे.

आता पाठ्यपुस्तकातला तो आलेख. तो खोटा नाही, तो समशीतोष्ण समुद्राचा आहे. तिथे हिवाळ्यात उजेड कमी आणि पाणी खोलवर घुसळलेलं. वसंतात उजेड वाढतो, वरचा थर स्थिरावतो आणि वनस्पतिप्लवक एकदम फुलतात. उत्तर अटलांटिकचा कॅलॅनस फिनमार्किकस हा कोपेपोड याची वाट बघत खोल पाण्यात झोपलेला असतो. प्रौढ होण्याच्या एक पायरी आधी, पाचव्या कोपेपोडाइट अवस्थेत, अंगात मेणासारखी चरबी साठवून तो शेकडो मीटर खाली हिवाळा काढतो. त्या किनाऱ्यांवरच्या खडकांवर राहणारा सेमीबॅलॅनस हा बार्नॅकल वर्षाला एकच वीण देतो आणि आपल्या अळ्या त्याच फुलोऱ्याच्या सुमारास सोडतो. सगळ्यांची नजर एकाच घटनेवर, म्हणून उंचवटा ठसठशीत.

उष्ण किनाऱ्यावर उजेड आणि ऊब बाराही महिने असते. इथे बदलतात ती पोषकद्रव्यं आणि क्षारता. कधी वाऱ्यामुळे खालचं गार पाणी वर येतं, कधी नदी माती आणि नायट्रेट घेऊन येते, कधी दोन्ही एकदम होतं. नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात अरबी समुद्राच्या काही किनाऱ्यांवर वर येणाऱ्या पाण्यात पोषकद्रव्यं भरपूर आणि ऑक्सिजन कमी असतो, म्हणजे खाणं वाढतं पण राहायला जागा आक्रसते. अशा वेळी सोसणारे थोडेच प्रकार भरमसाट वाढतात. पाणी निवळलं आणि खारं झालं की प्रकार पुष्कळ आणि प्रत्येकाची संख्या बेताची. मला विचाराल तर उष्ण किनाऱ्यावरच्या हंगामाची ओळख या फरकात जास्त दिसते, बेरजेच्या चढउतारात कमी.

नदीमुखाजवळ तर कोपेपोडांची अदलाबदलच होते. क्षारता उतरली की अकार्शिएला, स्यूडोडायॅप्टोमस यांच्यासारखे निमखाऱ्याला सरावलेले बाहेरपर्यंत सरकतात. क्षारता चढली की अकार्शियाचे समुद्री प्रकार, टेमोरा, सेंट्रोपेजेस आत येतात. ‘कोपेपोड’ असा एकच रकाना ठेवला तर आकडा महिनोन्‌महिने सपाट दिसतो, आणि खाली माणसं बदलून गेलेली असतात. निदान प्रजातीपर्यंत, निदान ठळक प्रकारांसाठी, जावंच लागेल.

आणि आता ज्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले ते. अवस्था वाचा. अंड्यातून बाहेर आल्यावर कोपेपोड सहा नॉप्लियस आणि पाच कोपेपोडाइट अवस्था पार करून प्रौढ होतो. गार पाण्यात याला महिने लागतात. पंचवीस-सव्वीस अंशांच्या पाण्यात अकार्शिया हे सगळं साधारण आठ-दहा दिवसांत उरकतो. म्हणजे तुमच्या दोन नमुन्यांच्या मधल्या काळात दोन-तीन पिढ्या येऊन गेल्या. दुसऱ्या वर्षीच्या ऑक्टोबरात शिखर नव्हतंच असं म्हणता येत नाही, तुम्ही गेलात त्याच्या आधीच्या किंवा नंतरच्या आठवड्यात ते असू शकतं. मासिक नमुन्याची ही मर्यादा कोणालाच टळत नाही. पण अवस्था तुम्हाला नमुन्याच्या दिवसाच्या थोडं मागे आणि थोडं पुढे बघू देतात.

एक उदाहरण. समजा ट्रेमध्ये पॅराकॅलॅनस हे कोपेपोड आहेत. त्यांतले बहुतेक चौथ्या-पाचव्या कोपेपोडाइट अवस्थेत, प्रौढ माद्या थोड्या, तर ही लाट चढती आहे. माद्याच माद्या आणि लहान जवळजवळ नाहीत, तर एक तर लाट ओसरते आहे किंवा लहानांना कोणीतरी खातंय. मग त्याच ट्रेमध्ये सॅजिटा शोधा. काचेच्या काडीसारखं पारदर्शक अंग असतं त्यांचं, पोटात अख्खा कोपेपोड आडवा दिसतो. तो दिसला की कारणाचा धागा हाती लागतो. ऑयथोनाची मादी असेल तर शेपटीच्या दोन्ही बाजूंना अंड्यांच्या दोन पिशव्या असतात, त्यातली अंडी मोजता येतात. युटर्पिनाला एकच पिशवी. अकार्शिया आणि पॅराकॅलॅनस अंडी थेट पाण्यात सोडतात, त्यांच्याकडे पिशवी शोधू नका. आणि फॉर्मॅलिनमध्ये पिशव्या गळून पडतात, तेव्हा ट्रेच्या तळाशी सुट्या पडलेल्याही मोजा.

एक सावधगिरी. २०० मायक्रॉनच्या जाळीतून नॉप्लियस आणि ऑयथोनाचे बरेच जण सरळ निघून जातात. तुमच्या नमुन्यात ते कमी आहेत याचा अर्थ पाण्यात कमी होते असा लावू नका. पुढच्या वर्षी सोबत ६० ते १०० मायक्रॉनच्या मधली एखादी बारीक जाळी नेता आली तर चित्र पुष्कळ बदलेल.

घनफळाचं उत्तर सोपं आहे. त्या महिन्याच्या बाटलीत जेली आहे का बघा: सॅल्प, डोलिओलिड, कंगवा-जेली, छोट्या मेड्युसा. यांच्या शरीरात ९५ टक्क्यांहून अधिक पाणी असतं. ते मोजपात्रात जागा व्यापतात, पण त्यांत कार्बन अगदी थोडा. शिवाय कंगवा-जेली आणि मेड्युसा कोपेपोड खातात, म्हणजे घनफळ वर आणि कोपेपोड खाली हे एकाच गोष्टीचे दोन परिणाम असू शकतात. काळ्या समुद्रात १९८०च्या दशकात नेमियोप्सिस ही बाहेरून आलेली कंगवा-जेली पसरली तेव्हा प्राणिप्लवकांची अशीच दाणादाण उडाली. १९९७मध्ये तिला खाणारी बेरोई तिथे पोचली, त्यानंतर ते सावरायला लागले. तेव्हा जेली नेहमी वेगळी मोजा, आणि फॉर्मॅलिन घालण्याआधी, होडीवरच. नाजूक कंगवा-जेली फॉर्मॅलिनमध्ये विरून जातात आणि नंतर त्या होत्या याचा पुरावाच राहत नाही. नॉक्टिलुकालाही वेगळा रकाना द्या. ती एकपेशी असली तरी जाळीत अडकण्याइतकी मोठी असते आणि कोपेपोडांची अंडीही गिळते.

पेनिलियाबद्दल सविस्तर लिहायचं आहे, पण उद्या.

खारा_वारा:

ताई, खूप आभार. तुमचं वाचून लगेच घनफळाचं शिखर असलेली बाटली काढली. तळाशी चिकट साका आणि त्यात डोलिओलिड, आणि सॅजिटाही भरपूर. दोन्ही शिखरांचे नमुनेही वरवर पाहिले. ऑक्टोबरचं शिखर निम्म्याहून जास्त पेनिलियाचं आहे, मार्चचं अकार्शिया आणि टेमोराचं. भरतीची वेळ वहीत आहे, सगळ्या नोंदी आता वेगळ्या रकान्यात भरते आहे.

पण अवस्था मोजायच्या म्हणजे सगळे नमुने पुन्हा पहिल्यापासून? आणि गाईडना ‘चक्र नाही’ असं कसं सांगू?

तळरेघ:

आकडेमोडीच्या बाजूने थोडं. चक्र नाही असं सांगायची गरज नाही. एका चक्राऐवजी अनेक आहेत असं सांगा, त्याला चांगला आधार आहे. नेपल्सच्या आखातात १९८४पासून किनाऱ्यालगत एका ठिकाणी नमुने घेतले जातात. तिथे वसंत आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला अकार्शिया क्लॉसी, भर उन्हाळ्यात पेनिलिया, शरदात टेमोरा स्टायलिफेरा, असे एकामागून एक येतात. एका वर्षाचं शिखर दुसऱ्या वर्षी दोन-चार आठवडे हलतं, क्रम मात्र बराचसा टिकतो. तुम्हीही क्रम टिकतो का ते तपासा. दोन वर्षांत तेवढंच प्रामाणिकपणे तपासता येतं.

सरासरी काढू नका. दोन्ही वर्षं वेगवेगळी मांडा. प्रजातींच्या संख्यांचं चौथं मूळ घ्या, म्हणजे भरमसाट वाढलेला एक प्रकार बाकीच्यांना झाकणार नाही. मग ब्रे-कर्टिस साम्य (दोन नमुन्यांतले प्रकार आणि संख्या किती जुळतात याचं माप) काढून, सारखे नमुने जवळ येतील असे आलेखावर पसरून बघा. पहिल्या वर्षीचा पावसाळा दुसऱ्या वर्षीच्या पावसाळ्याजवळ पडला, तर शिखर कुठेही असो, हंगाम तुमच्या हातात आहे. नमुने महिन्याऐवजी क्षारतेप्रमाणे रंगवून बघायला विसरू नका. कॅलेंडरचा ऑक्टोबर आणि पाण्याचा ऑक्टोबर दरवर्षी एक नसतात. पाऊस लांबला तर पाण्यात पावसाळाच चालू असतो.

एकूण जैवभार सपाट दिसला तरी घाबरू नका. १९९०च्या दशकातल्या मोहिमांत खुल्या अरबी समुद्राच्या वरच्या थरात हेच आढळलं होतं. वनस्पतिप्लवकांचं उत्पादन मोसमी वाऱ्यांबरोबर एवढं वरखाली होत असताना प्राणिप्लवकांचा जैवभार वर्षभर जवळपास सारखाच. याला ‘अरबी समुद्राचा विरोधाभास’ म्हणतात. स्पष्टीकरण असं दिलं गेलं की मंद महिन्यांत जीवाणू आणि सूक्ष्म एकपेशींची साखळी त्यांना पोसते. तुमचा किनारा उथळ आहे, तिथे हेच लागू पडेल असं नाही. पण सपाट रेषा हाही निष्कर्ष असतो, एवढं गाईडना सांगायला हे उदाहरण उपयोगी पडेल.

लांबचं बघायचं तर अ‍ॅलिस्टर हार्डी यांचं सतत-प्लवक-नोंदक यंत्र १९३१पासून मालवाहू जहाजांमागे ओढलं जातंय, २७० मायक्रॉनच्या रेशमी पट्टीवर प्लवक टिपत. उत्तर समुद्रात गार पाण्याचा कॅलॅनस फिनमार्किकस मागे पडून उबदार पाण्याचा हेल्गोलँडिकस पुढे आला, हे त्यातून दिसलं. दोघं दिसायला इतके सारखे की पाचव्या पायाचा तपशील बघून वेगळे करावे लागतात. पण फिनमार्किकसचा भर वसंतात आणि हेल्गोलँडिकसचा उन्हाळ्याच्या अखेरीपासून शरदाकडे. कॉड माशाच्या पिल्लांना वसंतात हवं असलेलं खाद्य त्यामुळे कमी पडायला लागलं. ‘कॅलॅनस’ असा एकच रकाना ठेवला असता तर यातलं फार थोडं कळलं असतं.

जुनं_भिंग:

तळरेघ यांच्या उदाहरणाने माझंच म्हणणं पक्कं झालं.

खारा_वारा, सगळं पुन्हा मोजू नका. चार प्रकार निवडा: अकार्शिया, पॅराकॅलॅनस, टेमोरा, पेनिलिया. नमुन्याचे समान भाग पाडणाऱ्या फोलसम विभाजकाने उपनमुना करा आणि प्रत्येक प्रकारातले शंभरेक प्राणी अवस्थेनुसार लावा, तेवढ्यात प्रमाण नीट कळतं. अकार्शियाचा नर ओळखायला उजवा पहिला स्पर्शक बघा. तो मध्ये सांध्यावर मुडपलेला असतो, मादीचे दोन्ही सरळ. एकदा डोळा बसला की हात भराभर चालतो.

आता पेनिलिया. ती येते तळाच्या गाळातून. चांगल्या दिवसांत सगळ्या माद्याच असतात आणि नराशिवाय पिल्लं देतात. पाठीवरच्या कवचाखाली पिल्लांची पिशवी असते. भिंगाखाली सावकाश फोकस फिरवलात तर आत वेगवेगळ्या वाढीचे गर्भ दिसतील, मोठ्यांत डोळ्याचा काळा ठिपका उमटलेला. तिची नातलग इव्हॅड्नी तर याहून घाईची. पिशवीतल्या गर्भाच्या अंगात पुढच्या पिढीचे गर्भ आधीच धरलेले असतात. म्हणून ही मंडळी काही दिवसांत निम्मा नमुना व्यापू शकतात.

दिवस फिरायला लागले की नर दिसू लागतात, आणि माद्यांच्या पिशवीत गर्भांऐवजी एखादं-दोन मोठी, गडद, जाड कवचाची अंडी. ही विश्रांतीची अंडी गाळात बसतात आणि अनुकूल पाणी येईपर्यंत तशीच राहतात. अकार्शियाचे काही प्रकारही असंच करतात. ऑक्टोबरच्या बाटलीतल्या पेनिलियांत नर आणि अशी अंडी आहेत का, हे सगळ्यांत आधी बघा. असतील तर तुम्ही शिखरावर नव्हता, उतरणीच्या तोंडाशी होता, आणि पुढच्या महिन्याचं शून्य तुम्हाला आधीच कळवलेलं होतं. नसतील, सगळ्या गर्भ धरलेल्या माद्याच असतील, तर शून्य होण्याचं कारण पाण्यात शोधा. बाहेरचं वेगळं पाणी आत आलं असेल किंवा खाणारे आले असतील.

आणि पुढच्या फेरीला तळाचा गाळ उचलणारा छोटा ग्रॅब न्या. वरचा दोन-तीन सेंटीमीटर गाळ तेवढा घ्या, डबा काळ्या कागदात गुंडाळा आणि थंड ठेवा. चाळणीतून धुतल्यावर साखरेच्या दाट द्रावणात फिरवला की अंडी वर तरंगतात आणि माती खाली बसते. त्यातली काही गाळलेल्या समुद्राच्या पाण्यात, उजेडात, वेगवेगळ्या क्षारतेला ठेवून बघा. कोणत्या क्षारतेला किती उघडतात याची नोंद पावसाळ्याआधी, पावसाळ्यात आणि नंतर, अशी तीनदा झाली तरी थिसिसमध्ये एक पूर्ण प्रकरण होईल. नुकती बाहेर आलेली पेनिलिया ओळखता आली नाही तर इथेच चित्र टाका, मी बघेन.